मोठा कॅमेरा

ललितनं खांद्यावरची बॅग पलंगावर टाकली तेव्हा पलंग करकरला, आणि ज्योत्स्ना उठून उभी राहिली. तिनं भावाला अकोल्याहून आणायला सांगितलेली लेन्स मुठीत मावेल एवढी होती. तिच्या वजनानं पलंग कशाला करकरेल?

"काय आनलं तू, दादा?"

"उघडून तं पाय. डोये फिरतीन तुहे!"

डोळे फिरलेच. बॅगेतून एक काळा धिप्पाड कॅमेरा निघाला. खाली बॅटरीचा ठोकळा जोडलेला, पुढं हातभर लांब लेन्स. माल जुना. कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, बटणांवरची अक्षरं कुणाच्या तरी अंगठ्यानं घासून खाल्लेली. ललित मात्र असा ऐटीत उभा, जसा काही नवरदेवासाठी घोडा घेऊन आला.

"माहा कॅमेरा कुठी हाये?"

"तोच देऊन तं हा आनला ना! तुहे पैसे अन् तो डब्बा, दोन्ही मिळून हा. दुकानवाला महादेवराव म्हने, साहेब, तुमी हायेत म्हनून देतो, दुसऱ्याले हात नसता लावू देल्ला."

पुढचं ज्योत्स्नाला ऐकू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते हे तिला त्या संध्याकाळी कळलं.

आता मूळ भानगड सांगितल्याशिवाय तिचा राग कुणाला समजायचा नाही. वलगावची ही पोरगी अमरावतीत एका स्टुडिओत अल्बम जुळवायची आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या लहान कॅमेऱ्यावर वाढदिवस, नामकरणं काढायची. कॅमेरा शिकाऊ माणसाचा, त्याच्यासोबत डब्यात आलेली लेन्सही तशीच. उन्हात फोटो झकास यायचे; हॉलमध्ये शिरलं की लेन्स आंधळी. त्यातच बाळापूरच्या वर्षालीनं तिला आपल्या लग्नाची ऑर्डर दिली. ज्योत्स्नाच्या नावावरचं पहिलं लग्न. रविवारी मंगल परिणय, आणि आज शुक्रवार.

बौद्धाच्या लग्नात सारे पांढऱ्यात. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या, आणि त्या उजेडात वंदना. तिथं फ्लॅश मारला की साडीची चुन्याची भिंत होते, काठ दिसत नाही की पदर. नाही मारला तर माणसं भुतासारखी हललेली. वर्षालीनं आधीच बजावलं होतं, "ताई, माह्या बहिनीच्या अल्बममंदी तिची साडीच नाई, नुसता पांढरा डाग हाये. माहं तसं नको करजो."

म्हणून ज्योत्स्नानं पुष्कळ दिवस डोकं खाजवलं, फोनवर ढीगभर वाचलं, आणि एक गोष्ट पक्की केली. कॅमेरा ठीक आहे. बदलायची ती लेन्स. पुढं-मागं न सरकणारी, झूम न होणारी, पण आतून भोक मोठं उघडणारी एक छोटी लेन्स घ्यायची. खिडकीची फट बंद करून दार सताड उघडावं तसा तिच्यातून उजेड आत येतो. नवी परवडत नव्हती. अकोल्यात महादेवराव म्हणून जुना माल विकणारा एक माणूस होता, त्याच्याकडं ती मिळाली. फोनवर भाव ठरला, बाजूला काढून ठेवायचं ठरलं. स्टुडिओचा मालक सुट्टी देईना, आणि ललित तर नोकरीसाठी रोजच अकोल्याला अप-डाऊन करायचा. तिनं पैसे दिले, कॅमेराही दिला. "लेन्स यालेच लावून पाह्यजो. दुकानाच्या दारात एक फोटो काढजो, मले पाठवजो, मंगच घेजो." दिवसभर ना फोटो आला, ना यानं फोन उचलला.

"मी तुले लेन्स सांगतली होती," ती म्हणाली. आवाज अजून दाबून धरलेला.

"पायली ना मी ते! अवं, कुंकवाच्या डब्बीएवढी होती. लग्नात ते डब्बी घेऊन उभी राहशीन? वर्षालीचा मामा माह्या ऑफिसात हाये, सारं ऑफिस येऊन राहिलं. लोक काय म्हनतीन, ललितची बहीन खेळनं घेऊन आली? आता पाय, हा घेऊन उभी राह्य. स्टेजवरून लोक बाजूले होतीन."

आपल्या वऱ्हाडात हेच तर दुखणं आहे. फोटोग्राफर कसा, हे त्याचे फोटो पाहून कुणी ठरवत नाही. ज्याची नळी लांब तो खरा फोटोवाला, बाकीचे सारे मोबाईलवाले. पाहुण्यारावळ्यांनी तसं मानलं तर मानो बापडे. पण सख्ख्या भावानं?

तिनं तो धोंडा उचलला, डोळ्याला लावला आणि समोर बसलेल्या आईवर, भागीरथाबाईवर, रोखला. दिसलं काय, तर आईचं नाक. अर्धंच. मागं सरकली, भिंतीला पाठ टेकली, तरी पूर्ण नाक काही मावेना. ट्यूबलाईटच्या उजेडात बटण दाबलं, तर फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे. वरून हा दुसऱ्या कंपनीचा. आता ती छोटी लेन्स आणली तरी याला बसणार नव्हती.

"नाकापेक्षा मोती जड!" तिनं कॅमेरा आदळायचा म्हणून वर उचलला आणि पलंगावरच ठेवला. "स्टेजपुढं उभी राहून नवरदेवाच्या नाकातले केस मोजू मी? इतक्या लांबची लेन्स हॉलात कोन लावते, भैताडा? अन् माहा कॅमेरा तू कोनाले इचारून देल्ला?"

"इचारायचं काय त्यात? चांगलं केलं तं वरून बोंबलते. याच्यासाठीच म्हनतात, ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं."

"बरं केलं? परवा लग्न हाये माह्यावर, अन् माह्या हाती कॅमेरा नाई!"

भागीरथाबाई मध्ये पडली. "जाऊ दे ना व. भावानं हौसेनं आनला. आता दोन दिवस घे साजरं मानून, मंग पाहू."

"आई, उद्या दादा तुही शिलाई मशीन देऊन पिठाची गिरनी घेऊन आला, गिरनी मोठी दिसते म्हनून, तं घेशीन साजरं मानून? ब्लाऊज कायच्यावर शिवशीन?"

भागीरथाबाईनं मशीनकडं पाहिलं. त्या मशीनला ललितचा बाप हात लावायला भ्यायचा. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"ललित," ती म्हणाली, "उद्या सुट्टी हाये ना तुले? जाय तिच्यासंगं."

शनिवारी सकाळी ज्योत्स्नानं स्टुडिओला दांडी मारली आणि ललितच्या मोटरसायकलवर दोघं निघाली. ती बॅग ज्योत्स्नाच्या मांडीवर. मूर्तिजापूरला त्यानं गाडी हळू करून "चहा?" विचारलं, तर हिनं पाठीत बोट टोचून पुढं चल म्हणून खुणावलं. बोरगाव मंजूजवळ तो म्हणाला, "तू उगाच तमाशा नको करजो तिथं. मी बोलतो." राग वाया घालवायचा नाही, दुकानापर्यंत शाबूत न्यायचा, असं तिनं ठरवलं होतं.

महादेवरावचं दुकान एका अरुंद जिन्याच्या वर होतं. त्याचे केस रंगवलेले, कपाळाला आठी नाही, तोंडात साखर. दोन गिऱ्हाइकं आधीच ट्रायपॉड चाळवत उभी होती. ललितनं हेल्मेट काउंटरवर ठेवलं, वर गाडीची चावी ठेवली.

"या साहेब, या! ताईले पसंत पडला ना?"

ताई समोर उभी होती, आणि विचारत होता साहेबाला. पण ज्योत्स्नाचं लक्ष तिथं नव्हतं. काचेच्या कपाटात मधल्या फळीवर तिचा कॅमेरा ठेवला होता. पट्टा काढून टाकलेला, पुसून चकचकीत केलेला, आणि पुढं चिठ्ठी: "लेडीज वापर. एकहाती." एखादी स्कुटी विकायला काढावी तशी! रात्रभर हा माणूस तिच्या कॅमेऱ्यासमोर चिठ्ठी लावून बसला होता, आणि ती वलगावला उशीत तोंड खुपसून जागी होती.

तिनं बॅग काउंटरवर ठेवली. "हा वापस घ्या. माहा कॅमेरा द्या, अन् मी फोनवर ठरवली होती ते लेन्स द्या. तिचे पैसे तुमच्याकडं आलेच हायेत."

महादेवराव हसला आणि ललितकडं वळला. "साहेब, समजावा ताईले. सौदा झाला. मी काही बळजबरी नाई केली, तुमीच हौसेनं नेला. विकलेला माल वापस घेत गेलो तं दुकानाले कुलूप लागन."

"तिकडं काय सांगता? मी बोलून राहिली," ज्योत्स्ना म्हणाली.

"बरोबर हाये ताई, पन सौदा भाऊसंगं झाला ना. भाऊ सांगतीन तसं करू."

आता सारे ललितकडं पाहू लागले. ललितनं रुमालानं मान पुसली. "ज्योती, जाऊ दे ना आता. दोन-चार दिवस शिकशीन तं हात बसन याच्यावर..."

"दादा, यायले एकच गोठ सांग. तो कपाटातला कॅमेरा कोनाचा हाये?"

"आता कोनाचा म्हंजे... घरचाच हाये."

"घरचा?"

"घरचाच ना! तुहं-माहं असं असते काय घरात?"

झालं! तिनं इतका जपून आणलेला राग त्या एका शब्दावर फुटला. चार वर्षं स्टुडिओत मान मोडून घेतलेला कॅमेरा, ज्याला घरातल्या कुणी कधी फडकं मारलं नव्हतं, तो विकायच्या दिवशी बरा घरचा झाला. तिनं काउंटरवरची चावी उचलली आणि महादेवरावच्या पुढ्यात आपटली.

"खाली गाडी उभी हाये. काळी, एकहाती. पाहून घ्या अन् बोला, कोनता कॅमेरा देता तिच्यात?"

"ए! काय करून राहिली?" ललितनं चावीवर झडप घातली, पण ज्योत्स्नाचा पंजा आधीच चावीवर होता.

"काहून? घरचीच तं हाये."

"माही गाडी हाये ते! मले न इचारता तू कशी काय..."

ट्रायपॉडवाल्यांपैकी एक जण हसला, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

"बोल ना," ज्योत्स्ना म्हणाली. "न इचारता कशी काय, पुढं? पुरं कर."

ललित लालेलाल झाला. रागानं की लाजेनं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. एवढ्या लोकांसमोर बहिणीनं इज्जत काढली, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि ज्योत्स्नाला त्याची कणभर दया आली नाही. वर्षालीची हळद आज लागत होती. उद्या ती पांढरी साडी नेसून मेणबत्तीपुढं हात जोडणार होती, आणि हा अजून आपल्या इज्जतीचं घेऊन बसला होता. तिनं चावीवरचा हात काढला नाही.

"मी हलत नाई इथून," ती म्हणाली. "येईन त्या गिऱ्हाइकाले सांगीन, हा कॅमेरा माहा हाये अन् मले न इचारता विकला. मंग विका."

महादेवरावच्या तोंडातली साखर आता आंबट झाली होती. "साहेब, तुमीच काय ते सांगा बाप्पा. ही दुकानाची जागा हाये."

ललितनं काचेकडं पाहिलं. चिठ्ठी त्यानंही वाचली असावी.

"कॅमेरा तिचा हाये," तो म्हणाला. अगदी हळू.

"ऐकू नाई आलं त्यायले."

"तिचा हाये!" तो ओरडलाच. "तिचा हाये, मी तिले इचारलं नाई, अन् तिनं सांगतलं ते आनलं नाई. वापस घ्या तो हत्ती अन् देऊन टाका तिचं तिले."

महादेवराव पुटपुटला, घरची भांडणं घरी भांडत जा म्हणाला, शेवटी कपाटाचं कुलूप काढलं. चिठ्ठी फाडली. खालच्या खणातून ती छोटी लेन्स काढली, कॅमेऱ्याला बसवली, खटका वाजला. आणि एवढं सारं होऊन त्या माणसानं काय करावं? कॅमेरा ललितपुढं धरला. "घ्या साहेब."

ललितनं दोन्ही हात पाठीमागं नेले. महादेवरावचा हात मधल्या मध्ये तसाच राहिला. तो थोडा वेळ एकदा भावाकडं, एकदा बहिणीकडं पाहत राहिला, मग त्यानं तो हात ज्योत्स्नाकडं वळवला.

तिनं चावी सोडली, कॅमेरा घेतला. पर्समधलं कार्ड घातलं, लेन्सचं भोक पूर्ण उघडलं. दुकानात उजेड असा नव्हताच, जिन्याच्या बाजूनं येईल तेवढा. ललित अजून तसाच उभा होता, हात मागं, मान खाली, कान लाल. तिनं त्याच्यावर रोखला. त्यानं वर पाहिलं त्याच क्षणी बटण दाबलं.

स्क्रीनवर तो आला. फ्लॅश नाही, हललेला नाही. पापणीचे केस वेगवेगळे मोजता येतील इतका स्वच्छ, आणि डोळ्यांत जे होतं तेही त्यात आलेलं.

"कसा आला?" ललितनं विचारलं.

"जसा हायेस तसा," ज्योत्स्ना म्हणाली.