तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

आमच्याकडे कुणी काही देऊ केलं, तर पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘कशाला उगाच’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. ओहायोत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण याच सभ्यपणापायी माझ्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली, आणि ती आणली माझ्या नवऱ्यानं.

घरमालक हार्लन शेजारीच राहतात. बायको आर्डिस गेल्यापासून एकटेच. जुलैत एका शनिवारी माझा नवरा वेंडेल अंगणातलं गवत कापत होता, तेव्हा ते कुंपणाशी आले.

“करार संपत आलाय. आणखी राहताय ना वर्षभर?”

“नको हो, तुम्हाला कशाला अडचण?” वेंडेल म्हणाला.

“अडचण कसली? राहा की!”

“कशाला उगाच? तुमच्या मनात दुसरं कुणी असेल तर...”

आता ते तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात वादळाचा भोंगा वाजला. भोंगा वाजला की आमच्याकडे बायका तळघरात जातात आणि पुरुष ढग बघायला रस्त्यावर. हे दोघेही गेले. वादळ आलंच नाही, पण प्रश्न मात्र राहून गेला.

सोमवारी अंगणात पाटी लागली: घर भाड्याने देणे आहे.

“अरे, जा आणि सांग त्यांना!” मी वेंडेलवर ओरडले. अठरा वर्षं काढली मी या घरात. दुसरीकडे माझा जीव तरी रमेल का?

“असं कसं सांगू, नोरीन? आधी त्यांनी विचारायला हवं.”

“डोंबलाचा सभ्यपणा!”

शेवटी झुकिनीचा केक घेऊन गेला बिचारा. तासाभरानं परतला तो टोमॅटो घेऊन. हवा, पन्हाळी, हार्लनचा गुडघा, सगळं बोलून झालं होतं. घराचा विषय सोडून.

मग एक तरुण जोडपं घर बघायला आलं. ती मुलगी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पडद्यासाठी टेप लावायला लागली, आणि माझं डोकंच फिरलं. मी तशीच ॲप्रनवर हार्लनच्या दारात.

“तिसऱ्यांदा विचारणार आहात की नाही?”

ते बघतच राहिले. “मला वाटलं, तुम्हाला मोठं घर हवंय. तोंडावर सांगवत नसेल.”

“आम्हाला हेच घर हवंय!”

“नको नको, माझ्यासाठी म्हणून राहू नका.”

अरे देवा! आता यांचं पहिलं ‘नको’ सुरू झालं.

“राहणारच आम्ही.”

“कशाला उगाच...”

तेवढ्यात मागून वेंडेल येऊन पोचला. “नाही म्हणजे, त्यांची अडचण असेल तर...” मी टाचेनं त्याचा पाय दाबला.

“हार्लन, नीट ऐका. आम्ही कुठंही जात नाही!”

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, “आर्डिस रोज संध्याकाळी या खिडकीत बसायची. तुमच्या स्वयंपाकघरात दिवा लागला की म्हणायची, चला, नोरीन आली घरी. आता मीच म्हणतो. ऐकायला कुणी नसतं, पण म्हणतो.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. अंगणात जाऊन पाटी मी माझ्या हातानं उपटली.