आधी मीठ, मग साकुरा

मार्च लागला की जपानातल्या दुकानदारांना गुलाबी वेड लागतं. बिस्किटं गुलाबी, पाव गुलाबी, बटाट्याचे वेफर्ससुद्धा गुलाबी, आणि सगळ्यांवर एकच शिक्का: साकुरा, म्हणजे चेरीचं फूल. अशा दिवसांत हात्सुएमावशीबरोबर हादानोच्या बाजारात जायचं म्हणजे चिझुरूला दोन पावलं मागे राहून चालावं लागे, कारण मावशी वाटेत थांबून गुलाबी वस्तूंशी भांडायची.

'हारुइरो' नावाच्या थंड पेयावर तर तिचा खास राग. मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसा ती तो डबा दोन बोटांत उचलायची.

"बघ, बघ! स्ट्रॉबेरीला साकुराचा किमोनो नेसवून उभी केलीय. हे ज्याने बनवलं ना, तो मला एकदा भेटू दे. त्याला फुलांच्या पिंपात घालून वरून दगडच ठेवते!"

"मावशी, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांच्याच जिभेसाठी बोलतेय मी."

मावशीला हा अधिकार होता, हे मान्य करावंच लागेल. चिमुरा गावाच्या उतारावर एप्रिलमध्ये शिड्या लावून दाट पाकळ्यांचा साकुरा तोडणाऱ्या बायकांत ती सगळ्यांत जुनी. फूल पुरतं उमलायच्या आत तोडायचं, मिठात दाबायचं, उमे फळाचं आंबट पाणी घालायचं, सावलीत वाळवायचं आणि पुन्हा मिठात लोळवून बरणीत भरायचं, यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. "झाडावरच्या फुलाला वास असतो का?" ती विचारायची. "नाक लावून बघ, काही नसतो. मिठात रडल्याशिवाय साकुराला वास येत नाही. म्हणून जिभेवर आधी मीठ लागलं पाहिजे, आणि मग, जरा थांबलं तर, वसंत."

आई गेल्यावर चिझुरू याच मावशीच्या हाताखाली वाढली, आणि हा पाठ तिला झोपेतही म्हणता आला असता. गोदामामागे लपून ती शाळेच्या वयात 'हारुइरो' प्यायची, आणि ते तिला भयंकर आवडायचं, ही गोष्ट मात्र तिने देवळातल्या देवालाही सांगितली नव्हती.

आणि आता देवानेच तिची थट्टा करायची ठरवली होती. तिचं प्रेम जडलं ते शुन्साकूवर. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, कानाला कायम वंगण लागलेला, हसला की डोळे नाहीसे होणारा शुन्साकू. पहिल्या भेटीत त्याने साकुरामोची या तांदळाच्या मिठाईभोवतीचं साकुराचं खारं पान सोलून बाजूला ठेवलं आणि नुसता गोड गोळा खाल्ला. 'संपलं,' चिझुरूच्या मनात आलं, 'पान सोलणारा माणूस आमच्या घरात चालायचा नाही.' तेवढ्यात त्याने विचारलं, "तू पान खातेस?" तिने मान हलवली. त्याने बाजूला ठेवलेलं पान उचललं, बकरीसारखं चावलं, थांबला, आणि डोळे नाहीसे करून म्हणाला, "अरे! इतकी वर्षं मी गोष्टीचा शेवटच टाकून देत होतो की!" त्या क्षणापासून चिझुरूचे पाय जमिनीला लागले नव्हते.

ते लागले दोन महिन्यांनी, जेव्हा शुन्साकू सहज म्हणाला, "बाबा? ते पेयांच्या कंपनीत चवी बनवतात. 'हारुइरो' माहितीय ना? ते त्यांचंच."

मावशीला चिझुरूने सांगितलं की होणारे सासरे "वासांबिसांचं काहीतरी काम" करतात. मावशीला वाटलं उदबत्त्या. तिचा गैरसमज दूर करावा असं चिझुरूला वाटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वाङ्निश्चयाच्या दिवशी मुलाकडच्यांनी भेटी पुढे ठेवून ठरलेलं वाक्य म्हणायचं, मुलीकडच्या वडीलधाऱ्यांनी उत्तरादाखल "युगानुयुगांसाठी स्वीकारते" म्हणायचं, की झालं. मावशीच्या तोंडून तेवढे दोन शब्द बाहेर पडेपर्यंत शुन्साकूच्या बाबांनी, हिराइसानांनी, आपलं काम काय ते बोलू नये, एवढीच चिझुरूची देवाकडे मागणी होती. ते दोन शब्द नाही आले, तर मावशीला डावलून लग्न करायची तिची छाती नव्हती, आणि शुन्साकूशिवाय राहायचीही नव्हती.

तो दिवस उजाडला. मावशीने काळा किमोनो नेसला, पाच वेळा पट्टा सोडून बांधला, आणि फडताळातून खास बरणी काढली. अशा दिवशी चहा देत नाहीत. चहा गढूळ होतो, नातं गढूळ व्हायला नको. द्यायचा तो साकुरायु: गरम पाण्यात खारवलेलं फूल. तेही एकेक नाही, जोडीने.

चिझुरूने ओट्यावर तयार मांडलेली फुलं पाहिली, प्रत्येक पेल्यात दोन-दोन टाकली, वरून गरम पाणी ओतलं. फुलं सुटली, फिरली, पाकळ्या पसरून वर आली. तिला इतका आनंद झाला की तिने स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली आणि बाहीने चमच्यांचा डबा पाडला.

"काय पडलं गं?" बाहेरून मावशी.

"काही नाही! मी!"

पाहुणे तातामीच्या चटईवर गुडघे मोडून ताठ बसले होते. हिराइसान लहानखुरे, मोठ्या नाकाचे, शिकवून आणल्यासारखे गप्प. शुन्साकूने त्यांना घरून निघताना तीनदा बजावलं होतं. आईला बजावायचं मात्र तो विसरला होता. मिचियोसान गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, रिकाम्या हाताने कोणाच्या घरी न जाणाऱ्या. त्यांच्या शेजारी जांभळ्या रुमालात बांधलेलं एक चौकोनी खोकं होतं. रुमालाचा कोपरा सुटला होता आणि आतून गुलाबी पुठ्ठा डोकावत होता.

तो गुलाबी रंग चिझुरूने अंधारातही ओळखला असता. तिने शुन्साकूकडे पाहिलं, शुन्साकूने खोक्याकडे पाहिलं, आणि हसू नसतानाही त्याचे डोळे नाहीसे झाले.

"घ्या," मावशी म्हणाली. "गेल्या वसंतातली फुलं आहेत. साकुराची खरी चव. हल्ली बाजारात जे मिळतं—"

"घ्या ना, घ्या ना, निवेल!" चिझुरू जवळजवळ ओरडली.

हिराइसानांनी पेला दोन्ही हातांनी उचलला आणि घोट घेतला. त्यांच्या भुवया हळूहळू कपाळावर चढल्या आणि तिथेच राहिल्या. मिचियोसानांनी घोट घेतला. त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. शुन्साकूने मोठा घोट घेतला होता, त्याचे कान लाल झाले. मग चिझुरूने स्वतः ओठ लावले.

समुद्र होता. सागामीच्या खाडीत तोंड उघडून पोहल्यासारखं. फुलं भिजवून मीठ उतरवलेलंच नव्हतं! मावशी दर वेळी भिजवून ठेवते म्हणून तिने विचारलंही नव्हतं. आणि प्रत्येक पेल्यात दोन-दोन!

पण मंगल कार्यातला पेला अर्धा ठेवता येत नाही. तिघेही पाहुणे मिठाची गुळणी धरून बसले, आणि हा वाक्प्रचार पहिल्यांदाच इतका अक्षरशः खरा ठरला.

"किती... खोल चव आहे," मिचियोसान डोळे पुसत म्हणाल्या.

"लक्षात राहील अशी," हिराइसान म्हणाले. आवाज घोगरा होता.

"अजून मिळेल?" शुन्साकू म्हणाला. हे म्हणजे अतीच झालं, पण चिझुरू त्या क्षणी त्याच्यासाठी डोंगरावरून उडी मारायला तयार झाली असती.

मावशी खूश झाली. यजमानीण शेवटी पिते, म्हणून तिने आत्ता कुठे पेला उचलला आणि सवयीने एक दणदणीत घोट घेतला. त्याच वेळी हिराइसानांनी भेटींचं तबक पुढे सरकवलं, डोकं जमिनीला टेकवलं आणि ठरलेलं वाक्य म्हटलं: "आमच्या घराकडून ही मंगल भेट. युगानुयुगांसाठी स्वीकारावी."

आता मावशीने बोलायचं होतं.

मावशीने तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. एक बारीक शिट्टी वाजली. तिचा चेहरा आधी पांढरा, मग खारवलेल्या उमेसारखा लाल झाला. ते मिठामुळे होतं की लाजेने, की तिने तो गुलाबी पुठ्ठा पाहिला होता म्हणून, चिझुरूला काही कळेना. हिराइसानांचं डोकं जमिनीला टेकलेलंच. उत्तर आल्याशिवाय वर करता येत नाही ना.

"मावशी?"

मावशीने मान आडवी हलवली. ती खोकला दाबत होती, पण मिचियोसानांना तो नकार वाटला आणि त्यांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

"पाणी!" चिझुरू उठली. म्हणजे उठायला गेली. इतका वेळ अंगाखाली मोडलेले तिचे दोन्ही पाय कधीच झोपी गेले होते. ती किमोनोसकट आडवी झाली, तबकाच्या अगदी शेजारी. तिला उचलायला शुन्साकू धावला. त्याचेही पाय झोपलेले होते. तो तिच्या पलीकडे पडला. एकमेकांकडे पाहून दोघांना असं हसू फुटलं की उठण्याची उरलीसुरली शक्तीही गेली.

शेवटी शहाणपण मिचियोसानांनीच केलं. त्यांनी जांभळा रुमाल ओढला, खोकं फाडलं, डबा फट्‌कन उघडला आणि मावशीच्या हातातल्या अर्ध्या पेल्यात ओतला. गुलाबी फेस वर आला. दोन्ही फुलं बुडबुड्यांवर बसून गरागरा फिरू लागली.

"नको—" चिझुरू जमिनीवरून म्हणाली.

मावशी डोळे मिटून घटाघट प्यायली. सगळं. मग डोळे उघडले, रिकाम्या पेल्यात पाहिलं, डब्याकडे पाहिलं. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हारुइरो.

"हे कोणी आणलं?" तिचा आवाज परतला होता.

"मी," मिचियोसान म्हणाल्या.

"बनवलं मी," हिराइसान जमिनीकडेच तोंड करून म्हणाले. "वीस वर्षांचं पाप आहे. मारा."

चिझुरूचं हसू थांबलं. बाहेर कोणाची तरी सायकल गेली, तिची घंटी ऐकू आली.

"तो तुम्ही होय!" मावशी म्हणाली. "मग इतकी वर्षं मीठ कुठे ठेवलं होतंत?"

हिराइसानांनी डोकं वर केलं. उत्तराआधी करू नये, पण राहवलं नाही त्यांना. "घातलं होतं! पहिल्या वर्षी घातलं होतं, शपथेवर सांगतो. वरचे म्हणाले, पोरांना घामासारखं लागतं. म्हणाले, साखर घाल, गुलाबी कर, कोणाला कळतंय. दर वर्षी चिमूटभर मीठ घेऊन जातो मी त्या बैठकीला, आणि दर वर्षी परत घेऊन येतो."

"चिमूटभराने काय होतंय! एवढ्या साखरेला मूठ लागेल." मावशीने पेला पुढे केला. "ओता. या पोरीच्या पेल्यातलं खारं पाणीही ओता. नाही, जास्त. आता फूल."

ती हळूच प्यायली. गावच्या बायकांच्या बरण्या चाखते तशी, जीभ टाळूला लावून, कोणाकडेही न बघता. चिझुरू कोपरांवर सरकत जवळ आली.

"आधी मीठ," मावशी पुटपुटली. "मग गोड. मग... थांब. आला. उन्हात वाळलेल्या गवतासारखा साकुराचा वास आला." तिने पेला हिराइसानांना दिला. त्यांनी घोट घेतला, आणि त्या लहानखुऱ्या माणसाचं मोठं नाक थरथरायला लागलं. पेला मिचियोसानांकडे गेला, शुन्साकूकडे गेला, चिझुरूकडे आला. तिच्या जिभेवर गोदामामागची सगळी दुपार आणि मावशीची सगळी बरणी एकदम उतरली.

"मावशी, मलाही हे लहानपणापासून आवडतं," ती म्हणून गेली. "गोदामामागे प्यायचे मी."

"माहितीय. डबे कोण उचलायचं, मांजर?" मावशी म्हणाली. मग तिने वेगळ्याच आवाजात विचारलं, "फुलं भिजवली नव्हतीस?"

"मला वाटलं, तू भिजवली असशील. नेहमी तूच भिजवतेस."

"हो, नेहमी मीच." मावशीने रिकाम्या बरणीकडे पाहिलं. "सकाळी फुलं ओट्यावर काढली. पाणी घ्यायला वळले, तर दारामागे तुझ्या लहानपणच्या उंचीची रेघ दिसली. तिथेच उभी राहिले. पाणी राहूनच गेलं."

चिझुरूचे पाय जागे होत होते, मुंग्या येत होत्या.

मावशीने किमोनोचा पट्टा सारखा केला. गुडघे जुळवले, दोन्ही तळवे तातामीवर ठेवले आणि कपाळ टेकवलं.

"युगानुयुगांसाठी स्वीकारते."

हिराइसान घाईघाईने पुन्हा वाकले. मिचियोसान वाकल्या. शुन्साकू वाकताना तोल जाऊन पुन्हा कलंडला. मावशीने डोकं वर केलं तेव्हा तिचे गाल ओले होते.

"मावशी, रडतेयस?"

"मीठ आहे गं," मावशी म्हणाली. "उतरलं नाही अजून."

"पण मावशी," शुन्साकूने जमिनीवरूनच विचारलं, "स्वीकारलंत कोणाला? मला, की डब्याला?"

"पान खातोस ना?"

"देठासकट!"

"मग तुलाच," मावशी म्हणाली आणि खोकं आपल्याकडे ओढून घेतलं. "पण हेही इथेच राहू दे."