चूक न झालेले सहा महिने

सुहासिनी परचुरे यांना विश्रांतवाडीच्या त्या पंप कंपनीच्या ऑफिसात सव्वीस वर्षं झाली होती. पत्रव्यवहार म्हणजे सुहासिनीबाई, हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ. ऑफिसकाम शिकायला कंपनीत दरवर्षी एक शिकाऊ उमेदवार यायचा, वर्षाअखेर त्याला प्रमाणपत्र मिळायचं. यंदा लोहगावची वैष्णवी आली. पहिले सहा महिने बाईंकडे, पुढचे सहा ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या कादंबरीकडे.

कादंबरीला नोकरीत जेमतेम चार वर्षं झालेली. तिच्याकडे जाऊन दोन महिने होतात न होतात, तोच वैष्णवी ग्राहकांचे फोन घेऊ लागली, पत्रं लिहू लागली. एकदा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "कादंबरीनं मुलगी काय तयार केलीय!"

बाईंना चहा कडू लागला. सहा महिने मुलगी बसली कुणाजवळ आणि नाव कुणाचं! त्यानंतर काचेपलीकडे त्या दोघी एका कागदावर वाकलेल्या दिसल्या, की बाईंचं हातातल्या कामावरून लक्ष उडायचं. एकदा तर वैष्णवी खळखळून हसली. आपल्याजवळ ही कधी हसल्याचं बाईंना आठवेना.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत बाईंकडे येई. त्यांतल्या एकात त्यांना हवं ते सापडलं. दुरुस्तीला माणूस येण्याची तारीख वैष्णवीनं चुकीची कळवली होती आणि खाली कादंबरीची सही होती. बाईंनी ती प्रत गुपचूप खणात ठेवून दिली.

प्रशिक्षण नीट चाललंय का हे तपासायला दिगंबर साने नावाचे अधिकारी आले, तेव्हा बाईंनी ती प्रत सर्वांदेखत त्यांच्यापुढे सरकवली. "आपण एकदा बघावं. आमच्याकडे हल्ली असं शिकवतात."

कादंबरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात वैष्णवीच म्हणाली, "चूक माझीच हाय, सर. डायरीत लिहिलीय."

शिकाऊ उमेदवारानं रोज लिहायची ती डायरी. सान्यांनी पान काढून मोठ्यानं वाचलं : 'तारीख चुकली. ग्राहक दिवसभर थांबून राहिले. मॅडमनी मलाच फोन करून माफी मागायला लावली. आता पत्र पाठवण्याआधी तारीख वेळापत्रकाशी ताडून बघते.'

मग त्यांनी मागची पानं उलटली. 'फायलींना नंबर घातले.' 'झेरॉक्स काढल्या.' 'फायलींना नंबर घातले.' अशी पानंच्या पानं.

"सुहासिनीबाई, तुमच्याकडे असताना हिच्या किती चुका झाल्या?"

"एकही नाही," बाई मान ताठ करून म्हणाल्या.

"होणार कशा? चुकायला काही दिलंच नाहीत तुम्ही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांना स्वतःला कुणी शिकवलं नव्हतं. वरिष्ठांच्या खांद्यावरून चोरून बघत त्या शिकल्या होत्या. इतक्या कष्टानं मिळवलेलं काल आलेल्या पोरीला का द्यायचं, असं त्यांना नेहमी वाटे. आजवर ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, त्या दिवशीही नाही सांगितलं.

सान्यांनी अहवालात लिहिलं, की पत्रव्यवहाराचं प्रशिक्षण झालेलंच नाही, ते पुन्हा द्यावं. त्यामुळे महिनाभरासाठी वैष्णवी परत बाईंच्या टेबलाशी आली. पहिल्या दिवशी बाईंनी सवयीनं फायलींचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला, क्षणभर थांबल्या आणि मागे ओढला. एक तक्रारीचं पत्र तिच्यापुढे ठेवलं.

"याचं उत्तर लिही."

अर्ध्या तासानं वैष्णवीनं कागद आणला. बाईंनी वाचला. "पहिल्याच ओळीत माफी? आधी वस्तुस्थिती लिहायची असते."

वैष्णवी चाचरली. "कादंबरी मॅडम म्हणतात, चिडलेला माणूस पहिली ओळच वाचतो."

बाईंच्या काळजात पुन्हा तीच कळ उठली. ती गिळून त्यांनी कागद पुन्हा वाचला. पोरीचं खरं होतं.

"राहू दे पहिली ओळ," त्या तुटकपणे म्हणाल्या. "पण दुसरा परिच्छेद ढिला आहे. खुर्ची ओढ इकडे. का ढिला आहे ते सांगते."