जगाची नजर

जगभरातल्या लहान मुलांच्या रोजच्या दिवसावर छोट्या फिल्म करणारी माणसं उजनीकाठच्या गावात आली आणि त्यांनी रेश्माची चार वर्षांची स्वरा निवडली. रेश्मा बीएस्सी झालेली. तरी एवढ्या जगाची नजर पोरीला लागेल, या धास्तीनं तिनं स्वराला ताप आल्याचं सांगितलं आणि जावेच्या गौरीला पुढं केलं. गौरी स्वराच्या बाहुलीशी खेळली, स्वराच्याच ताटात जेवली. स्वरा तेवढा वेळ आतल्या खोलीत, बाहेरून कडी.

आज फिल्म मोबाइलवर आली. सगळं घर भोवती जमलं. गौरी खरंच गोड दिसत होती.

"आई, माजं ताट हाय की ते," स्वरा म्हणाली. "मग मी कुटं हाय?"

"रेश्मा, लई उपकार झाले बघ तुजे," जाऊ हसत म्हणाली.

सासूबाईंनी गौरीला पाटावर बसवून मीठ-मोहऱ्यांनी तिची नजर काढली. ती उठताच स्वरा पाटावर जाऊन बसली.

"ऊठ गं," सासूबाई म्हणाल्या. "तुला कुणी बगितलंय?"

फिल्म काढली त्या दिवशी रेश्माला हेच तर हवं होतं.