हाक मारायची नाही अशी जागा

मी प्रार्थनेचं बाक बोलतोय. व्याकरणाप्रमाणे खरं तर 'बोलतंय' म्हणायला हवं. पण आयुष्यभर माणसांना समोर गुडघे टेकताना पाहिलं की लाकडालाही थोडी मस्ती चढते. वास्तविक ती माझ्यापुढे टेकत नाहीत, भिंतीवरच्या क्रूसापुढे टेकतात. हे मला कळायला बरीच वर्षं लागली, आणि पटायला त्याहून जास्त.

बाक म्हटल्यावर ऐसपैस काही डोळ्यांपुढे आणू नका. माझ्यावर एकच माणूस मावतो. खाली गुडघ्यांसाठी रेक्झीनची गादी, वर कोपरं टेकायला उतरती फळी, फळीखाली प्रार्थनेची पुस्तकं ठेवायला छोटा कप्पा. झालो मी पूर्ण.

दारं-खिडक्या करणाऱ्या एका सुताराने मला घडवलं. जोडणी झाल्यावर कळलं की माझा मागचा एक पाय किंचित आखूड राहिलाय. सुतार म्हणाला, "चालतंय. प्रार्थनेला येणारा माणूस कुठे स्थिर असतो?" आणि पुढच्या दाराकडे वळला. असा माझा जन्मसोहळा.

पहिली वर्षं मी सिस्टरांच्या मठात काढली. तिथे इतकी शांतता होती की एखाद्या सिस्टरच्या पोटात गुडगुडलं तरी सगळ्या प्रार्थनागृहाला कळायचं. पुढे मठाला नवी बाकं मिळाली आणि मला झाडू-बादल्यांच्या खोलीत टाकलं. तिथून मला सोडवलं ते आजींनी. "पवित्र वस्तू आहे ही! बादल्यांजवळ कशी ठेवता?" असं म्हणून त्यांनी मला मागून घेतलं. त्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो. त्याने मला खांद्यावर टाकून जिना चढवला, कारण ते राहतात त्या इमारतीला लिफ्ट नाही. वर पोचल्यावर त्याने पहिला घाम माझ्याच फळीवर पुसला.

घर दोन खोल्यांचं. माणसं चार: आजी, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. मला दोन खोल्यांच्या मधल्या बोळकांडीत, क्रूसाखाली उभं केलं आणि आजींनी नियम जाहीर केला.

"बाकावर कुणी असलं की त्याला हाक मारायची नाही. देवाशी बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. दूध उतू गेलं तरी जाऊ दे."

हा नियम त्या घरात काय उलथापालथ करणार आहे, हे आजींना माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच.

सून सकाळी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. दुपारी घरी आली की चप्पल काढायच्या आत तिच्या नावाचा पुकारा सुरू व्हायचा. "आई, माझा कंपास कुठंय?" "अगं, माझा निळा शर्ट?" "सूनबाई, गोळी घेतली का गं मी?" म्हणजे आजींनी गोळी घेतली की नाही, हेही तिनेच लक्षात ठेवायचं. ती स्वयंपाकघरात असली तरी हाक, मोरीत असली तरी हाक. एकदा ती वैतागून पलंगाखाली झाडायला शिरली, तर तिथेही नात वाकून म्हणाली, "आई, तू इथेयस होय! भूक लागलीय."

अशा एका दुपारी ती माझ्यावर येऊन टेकली. मनापासून प्रार्थना केली. डोळे उघडले, तर घर गप्प! नात तिच्या पाठीमागून चवड्यांवर चालत गेली. नवऱ्याने आपला शर्ट स्वतः शोधला, आणि तो सापडलासुद्धा. सुनेने क्रूसाकडे पाहिलं, मग बोळकांडीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे काही उजाडलं, त्याला मी दैवी कृपा समजलो.

दुसऱ्या दिवशी ती पेन्सिल घेऊन आली.

पेन्सिल फळीवर सरसर चालायला लागली की मला गुदगुल्या व्हायच्या. मला वाटलं, बाई कन्फेशनची तयारी करतेय, पापं लिहून काढतेय. पण पापं संपेचनात! कागदामागून कागद. एवढ्याशा घरात, एवढ्याशा वेळात एका बाईने इतकी पापं केली तरी कधी, या विचाराने मला तिची काळजी वाटू लागली. मी जमेल तितका पवित्र राहून तिला आधार देत होतो.

घरात भक्तीला पूर आला. सून रोज यायला लागली. तिचं पाहून तिचा नवराही यायला लागला. कामावरून आला की फळीवर कपाळ टेकून इतका तल्लीन व्हायचा की श्वास जड व्हायचे. मध्येच स्वतःच्याच घोरण्याने दचकला की घाईने "आमेन" म्हणायचा. भांडी घासायची वेळ झाली की नातीलाही देव आठवू लागला. माझ्यासाठी रांग लागायची, आणि मी फुगत चाललो होतो. मठात इतक्या सिस्टर होत्या, पण अशी ओढ कुठे पाहिली नव्हती. आजी चर्चमधून येता-जाता सगळ्यांना सांगत, "आमच्या घरात ते बाक आल्यापासून काय सांगू! सून तर संतीण होईल अशी भीती वाटते."

खरी गोष्ट अशी होती की सून एका साप्ताहिकासाठी रहस्यकथा लिहीत होती. भागाभागाने छापून यायची. कथेत एक गडगंज म्हातारी होती, तिच्यावर टपलेले नातेवाईक होते, आणि एक दातांचा डॉक्टर होता, तो दुसऱ्याच भागात मेला होता. (दवाखान्यात त्या आठवड्यात सुनेची रजा नाकारली होती.) साप्ताहिकाची संपादकबाई फोनवर सारखी म्हणायची, "शेवटचा भाग कधी देतेस? लोक विचारतायत!" घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. सून टोपणनावाने लिहायची, आणि नवरा फक्त क्रिकेटचं पान वाचायचा.

लिहिताना पुटपुटायची सवय तिला भोवली.

एका दुपारी आजी बोळकांडीच्या पडद्यामागून चालल्या होत्या. सून माझ्यावर गुडघे टेकून, डोळे मिटून, अगदी कळवळून म्हणत होती, "म्हातारीला विष द्यायचं तर आहेच. पण चहातून देऊ की औषधातून? चहातच बरं. तिला साखर जास्त लागते, चव कळायची नाही."

आजींना चहात साखर जास्त लागते.

त्या दिवसापासून आजींनी चहा सोडला. गोळ्या उशीखाली जमा होऊ लागल्या. जेवणात फक्त केळी, तीही स्वतःच्या हाताने सोललेली. सुनेने काळजीने विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का? चहा तरी घ्या ना." त्यावर आजी इतक्या जोरात "नको!" म्हणाल्या की हातातलं केळं मोडलं. मग त्यांनी फादरना बोलावणं पाठवलं.

फादर आले. वयस्कर, जाडसर, जिन्याने दमलेले. टेकायला जागा दिसेना म्हणून माझ्याच फळीला धरून उभे राहिले. आजी म्हणाल्या, "फादर, माझ्या सुनेला विचारा, ती या बाकावर बसून देवाकडे काय मागते."

सून पांढरीफटक पडली. नवरा म्हणाला, "आई, हे काय चाललंय?"

"ती मला विष घालणार आहे. माझ्या कानांनी ऐकलंय. चहातून!"

नवऱ्याने आईकडे पाहिलं, फादरनी सुनेकडे. मग सून खुदकन हसली. ते चुकलंच तिचं. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून तिचं हसू जागच्या जागी विरलं, आणि तिने सगळं सांगितलं. रहस्यकथा, साप्ताहिक, म्हातारी. माझ्या कप्प्यातून कागद काढून दाखवले. प्रार्थनेची पुस्तकं कधीच मागे सरकवलेली होती.

आजी ऐकत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्यापेक्षा विष परवडलं असतं. मी मेले असते, देवाघरी गेले असते. पण तू देवाच्या नावाने मला फसवलंस, सूनबाई. मी आख्ख्या चर्चला सांगितलं, माझी सून संतीण आहे."

"मग मी कुठे बसू, आई?" सुनेचा आवाज चढला नाही. "टेबलाशी बसले की कुणाला मीठ हवं, पलंगावर बसले की कुणाला मोजे. या घरात ही एकच जागा आहे, जिथे मला कुणी हाक मारत नाही."

फादरनी विचारलं, "आणि प्रार्थना? ती अजिबात करत नाहीस?"

"करते. आधी तीच करते, खरंच. पण डोळे मिटून गप्प झाले की आतलं दार उघडतं. देव यावा म्हणून उघडते, फादर, आणि ही बाकीची मंडळी आत घुसतात. त्यांना बाहेर कसं काढायचं, मला कळत नाही."

मला वाटलं, आता फादर काहीतरी थोर बोलणार. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "मी रविवारचं प्रवचन मोरीत बसून लिहितो. बाहेर फोन वाजत असतो." मग आजींकडे पाहून म्हणाले, "तुम्ही आधी चहा घ्या. उपाशीपोटी न्याय करू नये." चहा घेऊन ते गेले. निकाल दिलाच नाही.

निकाल आजींनी दिला. माझ्यावर जुनी चादर टाकली. चौकशीत नवऱ्याची तंद्री आणि नातीची भांडीही बाहेर आली होती, त्यामुळे माझी रांग एका दिवसात ओस पडली. म्हणजे इतके महिने माझ्यावर एक खून लिहीत होती, एक झोपत होता आणि एक लपत होती. आणि मी स्वतःला तीर्थक्षेत्र समजत होतो! चादरीखाली विचार करायला भरपूर वेळ होता. फार सुखाचे विचार नव्हते ते.

सुनेने लिहिणं बंद केलं. संपादकबाईला सांगितलं, "मला नाही जमणार." संध्याकाळी सगळे मिळून जपमाळ म्हणत, सूनही म्हणायची. एकही शब्द चुकत नव्हता, पण जनगणनेचे आकडे वाचावेत तशी म्हणायची. भाजी करपत नव्हती, शर्ट जागेवर होते, आणि घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. नात एकदा चादरीत डोकं घालून मला हळूच म्हणाली, "आईला परत लिहू दे ना." तिने मागितलं ते देवाकडेच. मी उगाच हुरळलो.

मग आजी मोरीत घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं.

हाताला प्लास्टर पडलं. आता आंघोळ, वेणी, पदर, घास, सगळं सुनेच्या हातून. पहिले दिवस दोघी नजर चुकवत होत्या. पण दुसऱ्याच्या हातून केस विंचरून घेताना माणूस किती दिवस फुगून राहील? आजींना सगळ्यात जास्त टोचलं ते जपमाळेचं. डाव्या हाताला मण्यांची सवय नव्हती, मणी निसटायचे. एका दुपारी सून पलंगाच्या कडेला बसली आणि तिने माळ आपल्या बोटांत घेतली. आजी म्हणत होत्या, ती मणी पुढे सरकवत होती. "नमो मारिया, कृपापूर्णे..." एकीचे ओठ आणि दुसरीची बोटं. घरातली इतक्या महिन्यांतली सगळ्यात खरी प्रार्थना चालली होती, आणि ती माझ्यापासून चार पावलांवर, मला वगळून.

माळेच्या मध्यावर आजी अडखळल्या.

"त्या म्हातारीचं काय झालं?"

"कुठल्या?"

"तुझ्या. मेली का शेवटी?"

सुनेची बोटं मण्यावर थांबली. "अजून ठरवलं नाही, आई."

"मारू नकोस." आजींनी थोडा विचार केला. "नाही, मार. पण आधी तिला कळू दे, कुणाची तिच्यावर खरी माया होती. माणसाला एवढं तरी कळून मरू दे."

सून आजींकडे वळून बसली. मग म्हणाली, "हे मला सुचलं नव्हतं."

"पेन्सिल घेऊन ये. पण माळ पुरी झाल्यावर."

तसं ठरलं. आधी माळ, मग पलंगाच्या कडेला कागद. थोड्याच वेळात मुलाची हाक आली, "अगं, माझा चार्जर पाहिलास का?" आणि आतून आजी कडाडल्या, "थांब रे! ती माझ्या पाठीला पावडर लावतेय!" सून कागदावरून मान वर करून बघतच राहिली. आजी निर्विकारपणे छताकडे पाहत होत्या. पुढे पाठीला पावडर, पायाला तेल, पोटाला शेक, अशी आजींच्या सर्वांगाची दुपारभर सेवा चालायची, आणि प्रत्यक्षात त्यांना कुणी बोटही लावत नव्हतं. शेवटचा भाग छापून आला. नवऱ्याने क्रिकेटच्या आधी तो वाचला.

प्लास्टर निघालंय, पण ती दुपार मोडलेली नाही. माझं म्हणाल तर चादर गेली आणि तिच्या जागी ओले टॉवेल आले. बोळकांडीत वारा बरा येतो. पूर्वीसारखी रांग नाही. एखादं माणूस कधीतरी येतं, थोडा वेळ टेकतं, जातं. काय मागतं ते मी आता ताडायला जात नाही. माझा अंदाज किती बरोबर असतो, ते तुम्ही ऐकलंच. कुणाकडे जुन्या गादीतला थोडा कापूस पडला असेल तर मात्र पाठवून द्या, गुडघ्यांना खालची फळी लागायला लागलीय.

आत्ता, मी हे सांगतोय तेव्हा, आजी माझ्यावर आहेत. टॉवेल बाजूला सारून टेकल्या, प्रार्थना केली, आणि आता त्यांना उठता येत नाहीये. गुडघे आखडलेत. मघाशी त्यांनी हाक मारली, "सूनबाई, उठव गं मला."

आतून उत्तर आलं, "आले आई, एवढं एक वाक्य पुरं करते!"

आयुष्यात कुणासाठी न थांबलेल्या आजी माझ्या फळीवर हनुवटी टेकून बसल्यात. वर क्रूसाकडे पाहून त्या आत्ताच पुटपुटल्या, "तू पण थांब जरा. तिचं वाक्य व्हायचंय."