चाकाला खाली यायला जागा

मित्रांनो, स्प्रिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर वेटोळं येतं. मला एकही वेटोळं नाही. मी एक जुना, सरळसोट पोलादी दांडा आहे. मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा जाड आणि जवळजवळ तुमच्याएवढा लांब. मला टॉर्शन बार म्हणतात. एका पिकअपच्या पोटाखाली उजव्या बाजूला मी असतो आणि डाव्या बाजूला माझा जोडीदार. माझं पुढचं टोक चाक पेलणाऱ्या लोखंडी हातात अडकवलेलं आहे, मागचं एका पकडीत, आणि त्या पकडीला खालून एका बोल्टचा टेकू आहे. चाक वर उचललं गेलं की मला पीळ बसतो. झोपाळ्याच्या दोऱ्या पिळून सोडल्या की झोपाळा गरकन उलटा फिरतो ना, तसा मी तो पीळ सोडवू पाहतो आणि चाक पुन्हा जागेवर येतं. दिवसभर माझं हेच काम.

कारखान्यात मला भट्टीत तापवलं, तेलात बुडवलं आणि मग मुद्दाम एकाच दिशेला पिळून ठेवलं. तेव्हापासून मी जन्माचा उजव्या बाजूचा. माझ्या टोकावर तशी खूणच ठोकली आहे. जोडीदार तसाच जन्माचा डावीकडचा. इतकी वर्षं शेजारी आहोत, पण एकमेकांच्या जागी बसून पाहायची सोय नाही. त्यामुळे आमची भांडणंही कधी झाली नाहीत.

आमचे मालक आबा. त्यांचं काचेचं दुकान. मागच्या हौद्यात लाकडी तिरकी चौकट, तिला टेकवून काचा उभ्या बांधलेल्या. त्या काचा घेऊन आबा गाडी कशी चालवत, ते मी खालून अनुभवलं आहे. गतिरोधक आला की ते गाडी किंचित तिरकी घेत. आधी एक चाक चढे, मग दुसरं. ब्रेकवर त्यांचा पाय आदळत नसे, टेकत असे. मागे काचा असल्या की त्यांचा बोलण्याचा आवाजसुद्धा खाली येई. शेजारी त्यांच्या सूनबाई बसत. दुकानात काच कापायचं काम त्यांचं, आणि हात असा की हिऱ्याची लेखणी एकदा फिरवली की काच निमूटपणे दोन होई. या दोघांची गाडी वाहायला मिळाली हे मी माझं भाग्य समजतो.

पण पोलाद झालं तरी ते थकतं. वर्षांमागून वर्षं गेली, आम्ही दोघं जरा ढिले पडलो आणि गाडीचं नाक खाली आलं. दुकानाच्या उतारावरून रस्त्यावर येताना बंपर खर्रकन घासायचा. आबांना तो आवाज सहन होत नसे. त्यांचा मुलगा काचा बसवायचं काम करायचा. त्यानं वडिलांना न सांगताच गाडी गॅरेजमध्ये नेली. त्यांना खूश करायचं त्याच्या मनात होतं.

मेकॅनिकनं गाडी पुढून उचलली, चाकं लटकू दिली, म्हणजे आमच्यावरचा भार उतरला. मग बोल्टला तेल सोडून दोन्ही बाजूंना सारखेच फेरे दिले. पकड फिरली, आम्हाला जास्तीचा पीळ बसला. गाडी खाली घेऊन त्यानं ती थोडी मागेपुढे चालवली, नाक दाबून हलवलं आणि मगच टेपनं उंची मोजली. असं काम पाहिलं की मन भरून येतं.

"बास. आता घासणार नाही," तो म्हणाला.

मुलगा चार पावलं मागे जाऊन बघत होता. "अजून दोन फेरे द्या की. काय रुबाबदार दिसतेय!"

"दादा, जास्त कसली तर कडक होईल."

"काचांच्या वजनानं बसेल ओ ती. द्या तुम्ही."

मेकॅनिकनं मान हलवली आणि दिले दोन फेरे. आता इथे एक गोष्ट समजून घ्या. बोल्ट कसल्यानं माझी ताकद वाढत नाही. मी होतो तेवढाच असतो. गाडी फक्त जास्त ताठ मानेनं उभी राहते, आणि खड्ड्यात उतरताना चाकाला खाली यायला जी जागा लागते, ती संपून जाते.

गाडी ऐटीत घरी आली. संध्याकाळी दिवे लावले, तर उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्यांच्या पहिल्या मजल्यावर! आबा हसले. मुलाची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी बेकरीसमोरच्या खचलेल्या रस्त्यावर चाक खाली उतरलं आणि चाकाचा हात त्याला जास्त खाली जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्यावर ठाणकन आदळला. मागे एक काच तडकली. त्या आठवड्यात आणखी तडकल्या. आबांना वाटलं, गाडी तर नुकतीच दुरुस्त झालेली, तेव्हा चूक कोणाची असणार? एका दुपारी त्यांनी गाडीची किल्ली काच कापायच्या टेबलावर ठेवली.

"सूनबाई, यापुढे तू चालव. माझा हात गेला आता."

मित्रांनो, त्यांचा हात गेला नव्हता! ते त्या खड्ड्यात पूर्वीइतक्याच अलगद उतरत होते. हे मला आणि जोडीदाराला पक्कं ठाऊक होतं. पण आम्हाला तोंड कुठे आहे? मी इतका कधीच कासावीस झालो नव्हतो.

सूनबाई चालवू लागल्या आणि बेकरीसमोर त्यांचीही काच तडकली. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. त्यांनी नवऱ्याला सरळ सांगितलं, "चूक हाताची नाही, गाडीची आहे."

"तू नवीन आहेस अजून," नवरा म्हणाला.

"बरं. मग तुम्ही मागे हौद्यात बसा. काचेच्या जागी."

"मी?"

"हो. काच महाग असते."

बेकरीसमोर हौद्यातून आरोळी आली, "अगं थांबव! दात पडले माझे!"

"आता तुम्ही चालवा, मी मागे बसते," त्या उतरून म्हणाल्या. तो सावकाश, जपून चालवू लागला. पुन्हा ठाणकन दणका. सूनबाई कंबर धरून खाली आल्या. "तुम्ही तर नवीन नाही ना? आबांना घेऊन या. आत्ताच गॅरेजला जाऊ."

मेकॅनिकनं खाली वाकून चाकाचा हात आणि रबर यांच्यामध्ये बोट घालायचा प्रयत्न केला. बोट गेलं नाही. "बघा आबा, चाकाला खाली यायला जागाच नाही. खड्डा आला की सगळा दणका वर. मीच दादांचं ऐकायला नको होतं."

"म्हणजे काचा..."

"काचाच काय, हौद्यात माणूस बसवला तर तोही तडकेल."

मुलानं मान खाली घातली. "आबा, दोन फेरे मीच वाढवायला लावले."

आबा रागावले नाहीत. तिथल्या एका आडव्या टायरवर ते बसले आणि स्वतःच्या उजव्या हाताची मूठ उघडत, मिटत राहिले. सूनबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मेकॅनिकनं पहिल्यांदा 'बास' म्हटलं होतं तिथवर बोल्ट सैल केले. चाकं सरळ करून घेतली, दिवे रस्त्यावर आणले. मग नाचाच्या एका शाळेत भिंतभर आरसा पोचवायचा होता, आणि तो आबांनी स्वतः गाडी चालवून नेला, शेजारी सूनबाई. बेकरी आली. त्यांनी गाडी तिरकी घेतली, चाक खाली उतरलं, मी पिळातून सुटलो आणि पुन्हा सावरलो. कसलाही आवाज झाला नाही. आरसा अखंड उतरला.

"द्या किल्ली, दमला असाल. परत मी आणते," सूनबाई म्हणाल्या.

"पुढचा आरसा तू न्यायचास. बेकरीसमोरच्या खड्ड्यात कसं उतरायचं ते दाखवतो तुला. आज मला चालवू दे," आबा म्हणाले.

मित्रांनो, आमच्या बोल्टला तेल द्या, गाडी उचलायची तर दोन्ही बाजूंना सारखी आणि बेतानं उचला. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. एखाद्या जाणत्या माणसाच्या हातून काही फुटलं आणि तो स्वतःलाच दोष देऊन किल्ली ठेवू लागला, तर ती लगेच उचलू नका. आधी गाडीखाली बघा आणि त्याला सांगा की चूक त्याची नव्हती. मला ते ठाऊक होतं, पण सांगता येत नव्हतं. तुम्हाला सांगता येतं.