आत काय हलतं?

प्रयोगशाळेतल्या बाईंनी कात्री उचलली आणि काचेच्या पेटीला लावलेला रबरी हातमोजा टरकन फाडला.

पाहणीला आलेल्या समितीचे चारही जण खुर्च्या मागे ढकलून उठले. पेटीत विषाऐवजी कपड्यांची नीळ भरली होती. कण जरी बाहेर आला तरी दिसावा म्हणून. मोज्याची फाटकी किनार आत ओढली गेली, जराशी फडफडली. बस्स.

“मग?” संचालक साहेबांनी विचारलं. “होणार कधी?”

“झालं की, साहेब.”

“काय झालं?”

“काहीच नाही झालं. तेच तर व्हायला हवं होतं.”

साहेबांनी पेटीवर बाईंनी बसवलेली चपटी पोलादी डबी बोटाने वाजवून पाहिली.

“आत काय हलतं?”

“फक्त हवा. एरवी ती भोवऱ्यासारखी गरगरते आणि स्वतःचीच वाट अडवते. मोजा फाटला की भोवरा मोडतो, शोषनळीकडची वाट मोकळी होते, बाहेरची हवा भोकातून आत धावते आणि विष आतच राहतं. झडप नाही, स्प्रिंग नाही. बिघडायला काही ठेवलंच नाही.”

“म्हणजे रिकामा डबा!” मामा खो खो हसले. शेजारच्या पेटीवरची जुनी झडप त्यांनी बनवलेली; वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून ते साऱ्या प्रयोगशाळेचे मामा. “पोरी, डबे आम्हीही वाजवलेत लहानपणी. आता खरं यंत्र बघ.”

बाईंनी हात खिशात घातले. उद्यापासून पेटीत खरं विष येणार होतं, आणि मोज्यात हात त्यांचेच असणार होते.

मामांनी शेजारच्या पेटीचा मोजा फाडला. भोंगा केकाटला. झडप उघडायला निघाली आणि निम्म्यावर रुसली. मामांनी तिला लाडाने एक बुक्की घातली. ती धाडकन मिटली, पेटीने सणसणीत ढेकर दिला आणि अख्खी समिती निळी झाली.

“वा!” निळी मिशी पुसत एक सभासद म्हणाले. “याला म्हणतात काम. काहीतरी करतंय तरी!”

मामांच्या पाठीवर थाप पडली, तिथूनही नीळ उडाली. मंडळी तोंड धुवायला गेली.

साहेब चष्मा शोधायला म्हणून मागे राहिले. चष्मा नाकावरच होता. इकडेतिकडे बघत त्यांनी बाईंच्या पेटीच्या भोकाशी गाल नेला. गालावरची नीळ हलकेच उठली आणि बारीक रेघ होऊन आत शिरली. त्यांनी दुसरा गाल पुढे केला.

“खरंच काही नाही आत?”

“नाही, साहेब.”

“उद्या हीच डबी लावा. फक्त वर एक हिरवा दिवा बसवा, लुकलुकणारा. समितीचं मी बघतो.”

“दिवा कशाला जोडू?”

साहेबांनी हनुवटी भोकाशी धरली.

“कशालाच नको.”